गाविलगड कुणाच्या तोंडून बोलणार?

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला. अकरा महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतला. विदर्भातला एकही नाही. त्याचे दुःख उगाळण्यात अर्थ नाही. परंतु वऱ्हाडचा स्वतःचा सीमादुर्ग कोणता, हे वाशीम तालुक्यातील अनसिंगच्या शाळकरी मुलाला कुणी सांगते काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

तो दुर्ग म्हणजे मेळघाटातील गाविलगड. 1425 मध्ये अहमदशहा बहामनीने तो बांधला. नाव मात्र गवळ्यांचे. सातपुडा उतरून दक्षिणेत येणाऱ्या वाटांवर त्याचा पहारा होता. अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात गाविल, नरनाळा आणि बाशीम, म्हणजे आजचे वाशीम, ही तिन्ही सरकारे एकाच कारभारात होती.

15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजांनी हा गड नागपूरकर भोसल्यांकडून जिंकला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडे राहिले, पण वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाच्या पदरात गेला. पुस्तकांत हा वेलस्लीचा विजय म्हणून नोंदला आहे. स्टीव्हन्सनच्या जड तोफा सैनिकांनी डोंगरदऱ्यांतून हातांनी ओढून नेल्या, वाटही आधी स्वतःच तयार केली, हे सहसा सांगितले जात नाही. ज्याच्या साऱ्यावर गडाची शिबंदी पोसली गेली, त्या कुणब्याला तर तहाच्या वेळी कुणी विचारलेही नाही.

गडाचे जतन म्हणजे केवळ तटाची डागडुजी नव्हे. तो कुणी बांधला, कुणी राखला, कुणी सोसला, हे तेथे मराठीत आणि कोरकूतही लिहिले गेले पाहिजे. वाघांच्या जंगलात वर्दळ नको, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ठेकेदाराच्या हंगामी टोळ्यांऐवजी भोवतीच्या कोरकू-गवळी तरुणांना शिक्षण देऊन बारमाही, पगारी काम द्यावे. तळी उपसणे, तटात रुजलेली झाडे काढणे, पाहुण्यांना माहिती सांगणे ही कामे त्यांची आहेत. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा 1977 मध्येच केला. श्रमाला हक्क मानण्याची परंपरा येथे नवी नाही.

दगड वाचले आणि माणसे विसरली गेली, तर तो वारसा सरदारांचाच राहील. कार्यकर्त्यांनी ही मागणी गावोगाव नेली पाहिजे, आणि अनसिंगच्या शाळेची सहल एकदा तरी गाविलगडावर गेली पाहिजे.