उधारी, विमा आणि कागदाचा कंटाळा

ईद जवळ आली की दुकानदाराच्या गल्ल्याआधी उधारीची वही भरू लागते. कपडा, बांगड्या, चपला, अत्तर, सुकामेवा, सारा माल शब्दावर उचलला जातो आणि शब्दावरच पुढे दिला जातो. ईद उलटली की वसुलीच्या फेऱ्या सुरू होतात. त्या वेळी कळते की शब्द देणारा भेटतो, पण शब्दाचा पुरावा भेटत नाही.

आमच्या परिचयाच्या एका गादी कारखानदाराची हकीगत सांगतो. पिंजाऱ्याच्या घरातला माणूस, स्वतः कापूस पिंजून धंदा उभा केला. एका फर्निचर दुकानदाराला तो वर्षानुवर्षे माल देत होता. हिशेब वहीत, तोही एकट्या याच्याच हातचा. पावतीवर सही घेण्याचा प्रश्नच नव्हता. दोघांचे जाणे-येणे घरचे होते. दुकानदाराचा इंतकाल झाला. चाळिसाव्यानंतर याने मुलांकडे विषय काढला. मुले म्हणाली, "चाचा, अब्बा आमच्याजवळ काही बोलले नव्हते. कागद दाखवा, देतो." ती बेइमान होती असे आम्ही म्हणणार नाही. मयताच्या मालमत्तेतून आधी कर्ज फेडायचे आणि मग वारसांनी वाटणी करायची, हे त्यांनाही ठाऊक होते. परंतु कर्ज होते हे सिद्ध कोण करणार? वकिलाने पहिला प्रश्न केला, "सही कुठे आहे?" दुसरा प्रश्न केला, "शेवटचा माल कधी दिला?" दोन्ही प्रश्नांना उत्तर नव्हते. रक्कम बुडालीच, पण दोन घरांतले सलाम-दुआही बंद झाले.

लिहून घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे, हा आपल्या बाजारातला मोठा गैरसमज आहे. ज्या कुरआनवर आपला ईमान आहे त्यातील सर्वांत लांब आयत नमाज किंवा रोजाविषयी नाही. ती उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदार ठेवण्याविषयी आहे. सूरह बकराची ही २८२ वी आयत आपण तिलावतीत वाचतो आणि दुकानाच्या पायरीवर विसरतो. लिखापढीमुळे नाते तुटत नाही. वरच्या हकीगतीत ते तुटले, कारण लिखापढी नव्हती.

तीन वर्षांची मुदत

कायदा काय म्हणतो तेही पाहू. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार विकलेल्या मालाच्या पैशासाठी किंवा हातउसन्या रकमेसाठी दिवाणी दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. पुष्कळ व्यापारी शरमेपोटी "आज नाही तर उद्या देईल" म्हणत ही तीन वर्षे घालवतात. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने "अमुक इतकी बाकी मान्य आहे" असे लिहून सही केली, तर त्या दिवसापासून मुदत पुन्हा नव्याने मोजली जाते. थोडी रक्कम देऊन तशी लेखी नोंद स्वतःच्या हस्ताक्षरात किंवा सहीने केली, तरी तसेच होते. म्हणून दरवर्षी एकदा बाकीचा उतारा काढा आणि त्यावर सही घ्या. त्यासाठी भांडणाची गरज नाही; चहाच्या कपाबरोबर हे काम होते. मोबाईलवरचे संदेशही जपून ठेवा, ते पुरावा म्हणून मांडता येतात. परंतु सहीच्या कागदाची जागा त्यांना देऊ नका.

चेक घेतला म्हणजे काम झाले असे समजू नये. चेकची मुदत २०१२ पासून तीन महिन्यांचीच आहे. चेक न वटता परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस देणेकऱ्याला पैसे देण्यासाठी मिळतात. तेवढ्यात त्याने दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. कलम १३८ चा सारा जोर या तारखांवर आहे. "पुढच्या आठवड्यात पुन्हा टाका" असे सांगून वेळ काढणाऱ्याला या तारखा पाठ असतात, आपल्यालाही असाव्यात. आणि कर्ज घेताना कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही करण्याची सवय तर आजच सोडावी.

आपल्या कारागिरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यंत्रमागधारक, चामड्याचे काम करणारे, शिकलगार, जरीकाम करणारे, जे कोणी स्वतः माल तयार करून किंवा काम करून देतात आणि सूक्ष्म अथवा लघु उद्योग म्हणून ज्यांची उद्यम नोंदणी आहे, त्यांचे पैसे खरेदीदाराने ४५ दिवसांपलीकडे थकवता येत नाहीत. मुदतीचा लेखी करार नसेल तर ही मर्यादा १५ दिवसांची आहे. हा २००६ चा कायदा आहे. पैसे थकले तर सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. थकबाकीवर मोठ्या दराने व्याजही कायद्याने लागू होते; ज्याला ते नको त्याने घेऊ नये, परंतु स्वतःच्या घामाची मूळ रक्कम मागण्यात संकोच कशाला? नोंदणी निःशुल्क आहे आणि ती माल देण्यापूर्वीच झालेली असावी. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र उद्यम नोंदणी असूनही या ४५ दिवसांच्या तरतुदीचा लाभ मिळत नाही, हेही समजून घ्यावे.

विम्याचा दावा ही खैरात नव्हे

आता विम्याकडे येऊ. विमा जायज की नाजायज हा उलेमांचा विषय आहे, या पानाचा नाही. पण गाडी रस्त्यावर आणायची तर तिसऱ्या पक्षाचा विमा कायद्यानेच घ्यावा लागतो, आणि बँकेचे कर्ज काढले की मालाचा विमा बहुधा बरोबर येतोच. हप्ता खात्यातून कापला जातो, पॉलिसी बँकेच्या फाईलमध्ये पडून राहते आणि मालकाने ती कधी पाहिलेलीही नसते. मग आग लागते, पूर येतो किंवा दंगल होते. तेव्हा समजते की पॉलिसीवर जुन्या गोदामाचा पत्ता आहे, किंवा वीस लाखांच्या मालाचा विमा दहा लाखांचाच आहे. अशा अपुऱ्या विम्यात नुकसान चार लाखांचे झाले तर कंपनी प्रमाण लावून दोनच लाख देऊ शकते. म्हणून पॉलिसीची प्रत आजच मागून घ्या. पत्ता, मालाचे वर्णन, विम्याची रक्कम आणि दंगलीच्या नुकसानीचे कलम, या चार गोष्टी वाचा. वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या.

दंगलीचा उल्लेख मुद्दाम केला. १९९२-९३ ची मुंबई आपण विसरलेलो नाही. दुकान जळते तेव्हा दुकानातल्या वह्याही जळतात, आणि दावा नेमका त्या वह्यांवर उभा असतो. साठा किती होता हे सांगायला मग मालकाच्या तोंडाशिवाय काही उरत नाही. यावर उपाय सोपा आहे. खरेदीची बिले, साठ्याची यादी आणि पॉलिसी यांची एक प्रत दुकानाबाहेर, घरी किंवा हिशेबनीसाकडे ठेवा, आणि मोबाईलमध्ये फोटो काढून घरच्या दुसऱ्या माणसाकडे पाठवा. जीएसटीची विवरणपत्रे भरलेली असतील तर तीही कामी येतात. ती सरकारी नोंद आहे, दुकानाबरोबर जळत नाही.

नुकसान झाल्याबरोबर कंपनीला लेखी कळवा. पोलीस पंचनामा आणि अग्निशमन दलाचा दाखला घ्या. सर्वेअर येऊन पाहीपर्यंत जळका माल फेकू नका. त्याच्या अहवालाची प्रत मागा. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. पुष्कळदा कंपनीचा माणूस कमी रकमेचा कागद पुढे करतो आणि "पूर्ण व अंतिम" या शब्दांखाली सही मागतो. घरात चूल बंद असलेला माणूस सही करतो. पण अशा सहीने सर्व संपतेच असे नाही. दबावाने किंवा दिशाभूल करून ती घेतल्याचे दाखवता आले तर उरलेली रक्कम मागण्याचा मार्ग खुला राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच सांगितले आहे. तरीही सही करताना "हरकत राखून" असे लिहावे आणि त्याच दिवशी तसे पत्र पाठवावे.

दाद कुठे मागावी

प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही तर विमा लोकपालाकडे वर्षभरात जाता येते. मुंबई व पुण्यात ही कार्यालये आहेत. एकट्या मालकीचा धंदा करणारे आणि सूक्ष्म उद्योगही तेथे जाऊ शकतात. ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो, फी नाही, वकील लागत नाही. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. तेथे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि २०१९ च्या कायद्याने ती आपण राहतो किंवा धंदा करतो त्या जिल्ह्यातही करता येते.

"तुम्ही व्यापारी, तुम्ही ग्राहक कसले?" असा प्रश्न विमा कंपन्यांनी वर्षानुवर्षे केला. त्याचे उत्तर ज्या खटल्यात मिळाले तो गुजरातचा आहे. गोध्र्याच्या घटनेनंतर २८ फेब्रुवारी २००२ रोजी झालेल्या दंगलीत हरसोलिया मोटर्स या फर्मचा माल आगीत नष्ट झाला. नॅशनल इन्शुरन्स कंपनीविरुद्ध फर्म ग्राहक आयोगात गेली. विमा धंद्यासाठी घेतला म्हणून राज्य आयोगाने तक्रार ऐकलीच नाही. राष्ट्रीय आयोगाने २००४ मध्ये तो निर्णय फिरवला आणि १३ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले: विमा नुकसान भरून काढण्यासाठी असतो, नफा कमावण्यासाठी नाही, म्हणून विमा घेणारा व्यापारीही ग्राहक ठरू शकतो. मूळ तक्रार मग गुणवत्तेवर ऐकण्यासाठी राज्य आयोगाकडे गेली.

एवढ्या एका प्रश्नाला एकवीस वर्षे लागली. ही दिरंगाई कडू आहे आणि तिचे समर्थन आम्ही करणार नाही. पण ती फर्म "कोण कोर्टाच्या पायऱ्या चढणार" म्हणून घरी बसली असती, तर आज देशातील प्रत्येक छोट्या दुकानदाराला हा दरवाजा बंदच राहिला असता. आपला हक्क सोडून देणे याला आपण कधी सब्र म्हणतो, कधी तकदीर. पुष्कळदा तो केवळ कागदाचा कंटाळा असतो.

या आठवड्यात दोनच कामे करा. सर्वांत जुन्या उधारीची तारीख पाहून बाकीवर सही घ्या, आणि पॉलिसीची प्रत घरी आणा. मशिदीच्या किंवा जमातीच्या कार्यालयात महिन्यातून एक संध्याकाळ समाजातल्या वकिलाने व हिशेबनीसाने बसून भावांचे कागद पाहून दिले, तर त्यासारखी दुसरी खिदमत नाही. चंदा गोळा करून जळालेले दुकान उभे करणे आपल्याला जमते. त्या दुकानाचा हक्काचा पैसा मिळवून देणेही जमले पाहिजे.