दिव्याखालचा अंधार

१८६१ साली ब्रिटिश संसदेने संमत केलेला शरीराविरुद्धच्या अपराधांचा कायदा इंग्लंडमध्ये आजही राज्य करतो आहे. साध्या दुखापतीसाठी त्याचे कलम ४७, जखम वा जबर दुखापत यांसाठी कलम २०. दोन्हींची कमाल शिक्षा मात्र एकच : पाच वर्षे! काळानिळा पडलेला गाल आणि मोडलेले हाड एकाच तराजूत तोलणारा हा कोणता न्याय? जबर दुखापतीचा हेतू सिद्ध झाला की कलम १८ अन्वये थेट आजन्म कारावास. मधली पायरीच नाही.

‘जखम’ म्हणजे त्वचेचा पूर्ण भेद. म्हणून छर्‍याने डोळ्यातील रक्तवाहिन्या फुटल्या, तरी न्यायालयाच्या लेखी ती ‘जखम’ ठरली नाही! निनावी, निःशब्द दूरध्वनींनी मनोरुग्ण झालेल्या स्त्रियांना न्याय देण्यासाठी १९९७ मध्ये उमरावांच्या सभागृहाला व्हिक्टोरियाकालीन शब्द ताणावे लागले.

गंमत अशी की, याच राज्यकर्त्यांनी १८६० मध्ये हिंदुस्थानसाठी केलेल्या दंडसंहितेत दुखापत व जबर दुखापत यांच्या रेखीव व्याख्या होत्या. शिक्षा अनुक्रमे एक व सात वर्षे. ती संहिताही भारताने १ जुलै २०२४ पासून बदलली. इंग्लंडच्या विधी आयोगाने मात्र १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये सुधारणा सुचवूनही संसद ढिम्म!

परंपरेचा अभिमान असावा. पण इजेची प्रत न पारखणारा कायदा म्हणजे परंपरा नव्हे, जखमी माणसाचा तो दुसरा अपमान आहे.