कृपा एकांतात मिळते काय?

सुशिक्षितांच्या घरी हल्ली एक वाक्य मोठ्या समाधानाने उच्चारले जाते. "देव अंतःकरणात आहे; मग त्याच्यासाठी चार भिंतींत जाऊन बसण्याचे प्रयोजन काय?" हिंदू घरात ते देवळाविषयी बोलले जाते, ख्रिस्ती घरात रविवारच्या उपासनेविषयी. यवतमाळसारख्या ठिकाणी ख्रिस्तमंडळी स्थापन होऊन शतकाहून अधिक काळ लोटला आहे. तेथेही असे म्हणणारे थोडे नसावेत. या वाक्यात अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे त्याच्या आडोशाने सुखाने वावरते, म्हणून त्याचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम न्यायाने मांडू. त्याचे आक्षेप तीन आहेत. ईश्वर सर्वव्यापी आहे, त्यास इमारतीची गरज नाही, हा पहिला. मंडळीत भांडणे, तट आणि मानापमान यांचा बुजबुजाट असतो. अशा ठिकाणी मन शांत होण्याऐवजी विटते, हा दुसरा. आणि खुद्द रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा भक्तकवी अखेर मिशनबाहेर पडला, मग आम्ही का पडू नये, हा तिसरा.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर वारकऱ्यास विचारावे. विठ्ठल आपल्या गावी नाही म्हणून कोणी पंढरीची वाट धरीत नाही. दिंडीत चालणारास आपल्या मागेपुढे कोण चालावे हे ठरविता येत नाही, आणि काल्याच्या वेळी कोणाचा घास कोणाच्या मुखी पडला याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. ख्रिस्ती उपासनेतील प्रभुभोजनाचे मर्म याहून फार दूरचे नाही. तेथे एक भाकर मोडली जाते आणि ती घेण्यासाठी प्रत्येकास हात पुढे करावा लागतो. हात पुढे करणे हीच सुशिक्षितास अवघड वाटणारी गोष्ट आहे! देण्याची त्यास सवय असते, घेण्याची नसते. परंतु कृपा म्हणजे न कमावता मिळालेले दान. एकांतात मनुष्य बहुधा आपल्याच आवडीच्या देवाशी बोलतो, आणि तो देव त्याच्या मताविरुद्ध सहसा जात नाही. शेजारच्या बाकावरचा मनुष्य मात्र आपण निवडलेला नसतो.

बाकाची गोष्ट निघालीच आहे, तर यवतमाळकरांनी आपल्या मंडळीचे नाव एकदा नीट वाचावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात ज्या मिशनने पाय रोवले ते फ्री मेथडिस्ट. यातील 'फ्री' म्हणजे काय? त्या काळी अमेरिकेतील अनेक चर्चांतून बाके विकली जात वा भाड्याने दिली जात. पैसेवाला पुढे बसे, गरीब मागे. या प्रथेवर आणि गुलामगिरीविषयी धर्मधुरीणांनी पाळलेल्या मौनावर बी. टी. रॉबर्ट्स या पाळकाने टीका केली. १८५८ मध्ये त्यास बहिष्कृत करण्यात आले, आणि १८६० मध्ये त्याने व त्याच्या सोबत्यांनी न्यूयॉर्क राज्यातील पेकिन येथे नवी मंडळी स्थापिली. तिच्या नावातील मोकळेपणाचा एक अर्थ अगदी साधा होता: येथे बाकाला दाम नाही. कोण कोणाशेजारी बसतो हा प्रश्न त्या लोकांनी धर्माचा मानला, लाकूडकामाचा नव्हे.

त्यांच्याही आधी, १७४२ मध्ये, जॉन वेस्लीच्या अनुयायांस ब्रिस्टल येथील उपासनागृहावरील कर्ज फेडावयाचे होते. माणशी आठवड्यास एक पेनी ठरली. बाराबारा जणांचे गट पाडून प्रत्येकाची वर्गणी गोळा करण्यास एक माणूस नेमला. तो दारोदार गेला तेव्हा कोठे दारू, कोठे नवराबायकोचा कलह त्याच्या दृष्टीस पडला. वर्गणीच्या फेरीतून परस्परांची विचारपूस सुरू झाली, आणि त्यातून दर आठवड्याच्या बैठका जन्मल्या. वेस्ली ज्यांस कृपेची साधने म्हणे, त्यांत प्रार्थना, शास्त्रवाचन व प्रभुभोजन यांच्या जोडीस विश्वासूंचा हा परस्परसंवादही होता.

आता टिळकांचा दाखला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, हे खरे. पण सोडून ते कोठे गेले? त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही जागा ठेविली. त्यांनी सोडला तो मिशनचा पगार व परकी चौकट. सत्संग सोडला नाही, उलट त्याचे दार रुंद केले. त्यांची पदे मराठी मंडळ्या आजही एकत्र उभ्या राहून गातात. पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, १९०० मध्ये, ख्रिस्ती झाल्या. सोवळेओवळे त्यांच्या मनातून कसे सुटत गेले हे 'स्मृतिचित्रे' वाचणारांस ठाऊक आहे. ते सुटले माणसांत राहून, त्यांच्याबरोबर जेवून. ज्यास टिळकांचे अनुकरण करावयाचे असेल त्याने मंडळी सोडताना दुसरी उभी करण्याची तयारी ठेवावी. नुसते घरी बसणे म्हणजे टिळकमार्ग नव्हे.

दुसरा आक्षेप मात्र आम्ही उडवून लावणार नाही. तट आहेत, रुसवे आहेत. लग्न जुळविताना मूळची जात विचारली जाते हेही सर्वविश्रुत आहे. जी मंडळी एका भाकरीतून खाते आणि सोयरीक करताना पूर्वजांचे कूळ शोधते, ती आपलीच उपासना खोटी पाडते. रॉबर्ट्सने झिडकारलेले भाड्याचे बाक तिने दुसऱ्या नावाने परत आणले आहे. पण हा दोष दूर कोणी करावयाचा? जे जाणते आहेत तेच रागावून निघून गेले, तर मागे तटच उरतात.

याचा यवतमाळशी संबंध किती निकडीचा आहे पाहा. १९५३ मध्ये येथे सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यास गेली. मोठ्या संस्था स्थलांतर करतात. मंडळीला मात्र ज्या गावी माणसे आहेत तेथेच राहावे लागते. आणि हा जिल्हा कोणता? १९८६ च्या मार्चमध्ये महागाव तालुक्यातील चिलगव्हाण गावच्या एका शेतकऱ्याने पत्नी व चार मुलांसह जीवन संपविले. त्यानंतर या कापसाच्या मुलखात तशा किती बातम्या आल्या हे महाराष्ट्र जाणतो. कर्ज, पाणी आणि भाव यांचा निकाल प्रार्थनेने लागत नाही. तो राज्यकर्त्यांकडून मागूनच घेतला पाहिजे. परंतु शेजाऱ्याचे घर बुडत आहे हे वेळेवर कळावे, यासाठी कोणीतरी आठवड्यातून एकदा त्याच्या शेजारी बसावे लागते आणि तो आला नाही तर त्याच्या दारी जावे लागते. ब्रिस्टलचा तो वर्गणी गोळा करणारा कर्जाच्या कामासाठीच निघाला होता, हे विसरू नये.

म्हणून सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबांस आमचे सांगणे एवढेच. अंतःकरणातील देवाविषयी आम्हांस शंका नाही. मात्र येत्या रविवारी त्यास बरोबर घेऊन उपासनेस जावे, ओळखीची जागा सोडून ज्याच्याशी वर्षभर बोलणे झाले नाही त्याच्या शेजारी बसावे, आणि भाकर फिरत आली की इतरांप्रमाणे हात पुढे करावा.