लाल फियाट की निळी?

गेले दोन वीकेंड आमच्या घरी एकच वाद चालू आहे. आजोबांची फियाट, म्हणजे १९८४ची प्रीमियर पद्मिनी, विकायचं घाटतंय. सोसायटीत पार्किंग एकच आणि तिथे माझी गाडी असते, हे खरं कारण. फियाट चालते अजून, पण फिकट निळा रंग पार विटलाय, दारांखाली गंजही आलाय. बाबा म्हणतात, "रंगवायचीच आहे तर लाल करू. उठून दिसेल, चार पैसे जास्त येतील."

माझं मत: कमी येतील.

का ते सांगतो. रंग बदलायचा म्हणजे नुसतं बाहेरून स्प्रे मारून भागत नाही. दारांच्या चौकटी, डिकीची आतली बाजू, इंजिनभोवतीचा पत्रा, सगळीकडे जुना रंग असतो. ते नीट करायचं तर काचा, रबरं, सीट, इंजिनसुद्धा उतरवावं लागतं. एवढा खर्च सहसा कोणी करत नाही. मग बाहेरून गाडी लाल आणि बॉनेट उघडलं की निळी! गिऱ्हाइकाच्या डोक्यात लगेच शंका सुरू: ठोकली होती का? पुट्टी किती भरलीय? पूर्वी टॅक्सी तर नव्हती? किंमत पडते ती या संशयामुळे. त्यात आरसीवर रंगाची नोंद असते, म्हणजे आरटीओची फेरी आलीच.

हौशी संग्राहक तर कारखान्यातून निघाली तशीच गाडी शोधत असतो. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात यायची. त्या काळातली लाल मॉडेल टी दिसली की जाणकार समजतो, हा रंग नंतरचा. उलट, आधीच्या मालकाने बदललेला रंग पुन्हा मूळचा केला तर असा माणूस खूश होतो. लग्नाच्या वरातीसाठी गाडी घेणाऱ्याला यातलं काहीच नको असतं, त्याला लाल चालेल. पण असं एखादंच गिऱ्हाईक धरून बसायचं का?

एवढं लेक्चर दिल्यावर बाबा शांतपणे म्हणाले, "आजोबांनी लालच मागितली होती रे. कितीतरी वर्षं नंबर लागायची वाट बघितली आणि आली ती निळी. नाही म्हटलं असतं तर परत रांगेत."

घ्या! आता बोला.

तरी बाजाराचा हिशेब बदलत नाही. विकायची असेल तर निळीच, त्याच शेडमध्ये, आतला रंग जुळवून. पण ठेवायची असेल तर खुशाल लाल करावी. जी गाडी विकायचीच नाही, तिची किंमत पडली काय आणि चढली काय!

निकाल पुढच्या रविवारी. मी आपला माझ्या गाडीसाठी बाहेर रस्त्यावर जागा बघून ठेवलीय.