कोजागरीची खिडकी

नवरात्राची गर्दी ओसरली, चौंडेश्वरी मातेच्या दारातली वर्दळ निवली, विजयादशमीचे सोने लुटून झाले, की आमच्या मोहाडीत चार-पाच दिवस एक निराळीच शांतता नांदते. बांध्यांतून धानाच्या लोंब्या वाकू लागलेल्या असतात, पहाटेच्या वाऱ्याला पहिला गारवा आलेला असतो, आणि मुलींच्या भुलाबाईच्या गाण्यांचे अखेरचे दिवस जवळ आलेले असतात. मग आश्विन पौर्णिमेचा चंद्र उगवतो. त्या मध्यरात्री प्रत्यक्ष लक्ष्मी पृथ्वीवर संचार करते आणि घराघरापाशी थांबून विचारते, ‘को जागर्ति?’ कोण जागे आहे? त्या प्रश्नावरूनच या रात्रीला कोजागरी हे नाव पडले, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको.

या दिवसांतील कीर्तन आटोपून आम्ही वीणा खाली ठेवतो न ठेवतो, तोच कोणी गृहिणी पुढे येऊन दरवर्षी एकच शंका विचारते. “महाराज, कोजागरीला दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्या म्हणतात. पण संध्याकाळपासून डास येतात, रात्री चोराचिलटाचे भय. खिडकी लावली तर लक्ष्मी परत जाईल का हो?” पुष्कळ वर्षे आम्ही ही शंका हसून टाळली. “भाव असला म्हणजे झाले, माउली,” असे म्हणून प्रसाद हाती ठेवावा, की काम संपले. परंतु शंका खरी आहे, आणि तिला खरे उत्तर दिले पाहिजे असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. त्याचे कारण शेवटी सांगू.

प्रथम शब्दांकडे वळू. संस्कृतात खिडकीला वातायन म्हणतात. वात म्हणजे वारा, अयन म्हणजे मार्ग. दुसरा शब्द गवाक्ष. गाईच्या किंवा बैलाच्या डोळ्यासारखे ते गवाक्ष. अमरकोशात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसलेले आहेत. तिसरा शब्द जाल अथवा जालक, जाळीची खिडकी. वारा आत यावा, डोळ्याने बाहेर पाहता यावे, आणि नको ते जाळीने अडवावे. खिडकीची तिन्ही कामे तिच्या तीन नावांतच सांगून ठेवलेली आहेत. तिची निव्वळ भिंत करावी असे या शब्दांत कोठेही नाही. तशीच ती अहोरात्र सताड उघडी ठेवावी असेही नाही. केव्हा उघडावे आणि केव्हा लावावे याचा विवेक गृहस्थाने करावयाचा असतो.

हा विवेक आपल्या वडीलधाऱ्यांपाशी होता. आमच्या विदर्भात वैशाखाचे ऊन काय असते ते येथे राहणाऱ्यालाच ठाऊक. पारा पंचेचाळीस अंशांवर जातो आणि दुपारची झळ तोंड भाजून काढते. अशा दिवसांत आमच्या आजी सकाळी नऊच्या सुमारास घराच्या सर्व खिडक्या लावून घेत, त्यांवर वाळ्याच्या ताट्या सोडून पाणी शिंपीत, आणि सूर्य कलल्यावर पुन्हा एकेक झडप उघडीत. रात्रीचा गार वारा घरभर फिरे आणि भिंती निवत. दिवसा बंद, रात्री उघडे, हा उन्हाळ्याचा नेम. थंडीत नेमका उलटा. पंचांग पाहावे तसे त्या ऊन पाहून खिडकी हलवीत. आज घरोघरी कूलर आला, आणि पुष्कळांचा समज असा, की कूलर लावला म्हणजे खोली गच्च बंद करावी. वस्तुतः कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत ओढतो. त्या हवेला बाहेर पडण्यास समोर वाट हवी. ती नसेल तर खोलीत नुसता दमटपणा साचतो, आणि गृहस्थ कूलरला दोष देत घामाघूम बसतो. आत घ्यावे तितके बाहेर सोडावे, हा धर्म त्या पत्र्याच्या पेटीलाही चुकलेला नाही.

आणखी एक बदल आपल्या ध्यानात येत नाही. जुनी घरे कवेलूंची होती. खिडकी लहान असली, किंबहुना नसली, तरी कवेलूंच्या फटींतून चुलीचा धूर निघून जाई. घर छपरातून श्वास घेई. त्या घरांत बालपण गेलेल्या माणसाला खिडकी लावण्याची सवय लागली, आणि तीच सवय तो सिमेंटच्या स्लॅबच्या घरात घेऊन आला. येथे मात्र छपराला फट नाही. येथे खिडकी लावली म्हणजे श्वास लावला. थंडीच्या रात्री बाळंतिणीच्या खोलीच्या खिडक्या चिंध्या कोंबून बंद करावयाच्या आणि खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवावयाची, ही चाल अजून काही घरांत आहे. कोळसा अर्धवट जळताना जो विषारी वायू निघतो त्याला वास नाही, रंग नाही; झोपलेले माणूस जागे होतच नाही. वाऱ्याने बाळाला बाधते ही आजीबाईंची काळजी खरी मायेची आहे, हे आम्ही जाणतो. पण खिडकीची एक झडप चार बोटे उघडी ठेवणे हीदेखील मायाच आहे. शेगडी आत आणू नये हे तर सर्वांत उत्तम.

हवा कोंडून ठेवल्याची किंमत महाराष्ट्राने पूर्वी मोजलेली आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला, आणि पुढील वर्षी पुण्याने जे भोगले ते इतिहासाला ठाऊक आहे. प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचा देह पडला. त्या साथीनंतर १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाटीवाटीच्या चाळींतील अंधाऱ्या कोंदट खोल्या हे रोगाचे घर, अशी त्या काळची धारणा होती. म्हणून ट्रस्टने इमारतींसाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम घातला. त्याचा सोपा अर्थ असा, की इमारत जितकी उंच, तिच्या निदान निम्मी मोकळी जागा खिडकीसमोर हवी, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतही आभाळाचा उजेड पोहोचेल. पुढे विज्ञानाने प्लेगचे मूळ उंदरांवरील पिसवांत दाखवून दिले. तरी हवा आणि उजेड यांची थोरवी त्याने उणी झाली नाही. परवाच्या करोनाच्या साथीत तीच गोष्ट पुन्हा शिकावी लागली. मे २०२१ मध्ये भारत सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने जनतेस सांगितले, की दारे-खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा, संसर्ग कमी होतो. साथ आली की आपण खिडकी उघडतो आणि साथ गेली की पुन्हा लावतो, अशी आपली रीत आहे.

आता त्या गृहिणीच्या डासांकडे येऊ. तिन्हीसांजेला दार लावू नये, लक्ष्मी येण्याची वेळ असते, असे आपल्या घरांतून सांगतात. आणि नेमक्या त्याच वेळी डासही येतात. आमचा भंडारा जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा; पाणी साचणे हा त्याचा स्वभावच. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले, तेव्हापासून डास हा केवळ उपद्रव राहिला नाही. म्हणून ज्या माउलीने मुलांसाठी सायंकाळी खिडकी लावली, तिच्यावर लक्ष्मी रुष्ट होईल असे आम्ही कदापि म्हणणार नाही. परंतु खिडकी लावून आत डासांची अगरबत्ती पेटवून झोपणे हा उपाय नव्हे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की तशी एक जळती वेटोळी बंद खोलीत धुराचे जितके सूक्ष्म कण सोडते, तितके पंचाहत्तर ते एकशे सदतीस सिगारेटींतून निघतात. याला खरे उत्तर आपल्या तिसऱ्या शब्दातच आहे: जालक. खिडकीला बारीक जाळी बसवावी. वारा येतो, चांदणे येते, डास येत नाही. चोराचे भय असेल तर गज बसवावेत. या भयांसाठी झडप लावावी लागत नाही.

उष्मा, थंडी, डास, चोर ही सारी कारणे खरी आहेत आणि त्यांवर उपायही आहेत. परंतु मायबाप वाचकहो, आपल्या घरांतील कित्येक खिडक्या या कारणांनी बंद नसतात. कोठे सुनेने बाहेर पाहू नये म्हणून बंद असते. तेथे खिडकी लावणारा हात एकाचा असतो आणि कोंडमारा दुसऱ्याचा. कोठे घरातील विपन्नता शेजाऱ्याला दिसू नये म्हणून बंद असते. आणि कोठे केवळ समोरच्या माणसाचे तोंड दिसू नये म्हणून. या अखेरच्या कारणावर जाळी नाही, गज नाही.

आपल्या परंपरेत याचा फार मोठा दाखला आहे. लोकांच्या कुत्सित बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानेश्वर महाराज कुटीची ताटी लावून आत बसले, आणि धाकट्या मुक्ताबाईने बाहेर उभे राहून त्यांना ताटी उघडण्याची विनवणी केली, असे परंपरा सांगते. ताटीच्या अभंगांचे हे निमित्त. आम्ही या आख्यानावर कित्येक गावी कीर्तन केले आहे. श्रोत्यांचे डोळे पाणावताना पाहिले आहेत, आणि ते पाहून, खरे सांगावयाचे तर, आमचे मन सुखावलेही आहे.

आणि त्याच वर्षांत आमच्या स्वतःच्या घराची बोळाकडील खिडकी बंद होती. बोळापलीकडे आमच्या चुलतभावाचे घर. त्याच्या पागोळ्यांचे पाणी आमच्या भिंतीवर पडते, एवढ्यावरून बोलाचाली झाली, बोलणे तुटले, आणि आम्ही त्या बाजूची खिडकी लावून आतून अडसर घातला. भाऊ गेला तेव्हा आम्ही लोकरीतीप्रमाणे जाऊन आलो; खिडकी मात्र उघडली नाही. नऊ वर्षे ती तशीच राहिली.

आठ वर्षांपूर्वीच्या श्रावणात एका रात्री आमच्या वहिनी, म्हणजे त्या भावाच्या विधवा पत्नी, अंगणात पाय घसरून पडल्या. मुले नागपूरला; घरात त्या एकट्या. मांडीचे हाड मोडले होते. सकाळी दूधवाला आला तेव्हा त्या सापडल्या. रात्रभर पावसात पडून होत्या. बातमी कळताच आम्ही धावलो. आम्हांस पाहून त्या म्हणाल्या, “हाक मारली होती, भाऊजी. खिडकी लावलेली होती, म्हणून ऐकू गेली नसेल.”

त्यांच्या बोलण्यात दोष देणे नव्हते. आमच्यासाठी सबब त्यांनीच शोधून दिली होती. त्या पडल्या ती जागा आमच्या खिडकीपासून पंधरा हात दूर असेल. पूर्वसंध्येलाच आम्ही शेजारच्या गावी ताटीचे आख्यान लावून घरी परतलो होतो.

त्याच दिवशी आम्ही अडसर काढला. लाकूड फुगून बसले होते, झडप उघडेना, शेवटी सुताराला बोलवावे लागले. वहिनी पुढे दोन वर्षे अंथरुणावर होत्या. त्यांची खाट आमच्या खिडकीसमोर येईल अशी त्यांनी मुद्दाम लावून घेतली. आमच्या सौभाग्यवती तेथूनच त्यांच्याशी बोलत. दोन्ही कोजागरींना आटवलेल्या दुधाची वाटी आम्ही त्याच खिडकीतून बोळापलीकडे दिली. पागोळ्यांचे पाणी आजही आमच्या भिंतीवर पडते. भिंतीला काही झालेले नाही.

म्हणून त्या गृहिणीला आमचे उत्तर असे. माउली, उन्हासाठी खिडकी लाव, डासांसाठी जाळी बसव, चोरासाठी गज घाल. लक्ष्मी त्याने परत जाणार नाही. तिचा प्रश्न नीट ऐक. ती ‘खिडकी उघडी आहे का’ असे विचारत नाही, ‘कोण जागे आहे’ असे विचारते. शेजारची हाक जेथे पोहोचते ते घर जागे. मध्यरात्रीपर्यंत सोंगट्या मांडून बसलेल्या घरातही जर एक खिडकी माणसावरच्या रोषाने लावलेली असेल, तर ते घर निजलेले आहे, मग त्याच्या दारात कितीही दिवे लागोत.

या कोजागरीला चंद्राला नैवेद्य दाखविण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरातून एक फेरी मारावी. प्रत्येक बंद खिडकीपाशी थांबावे आणि ही कशासाठी लावली आहे, असे स्वतःला विचारावे. कारण ऋतूचे असेल तर पुढे जावे. कारण माणसाचे असेल तर अडसर काढावा. लाकूड फुगले असेल. जोर लावावा लागेल. शक्य तर हे आजच करावे. आमच्या बोळापलीकडचे घर आता कुलूपबंद असते. आमची खिडकी उघडीच आहे, पण पलीकडून हाक मारणारे कोणी राहिलेले नाही.

जगदंबा सर्वांस जागृती देवो.