झाडू पोरांच्या हाती, पुडी आपल्या हाती

गावात स्वच्छतेचा कार्यक्रम ठरला की पहिला निरोप शाळेला जातो. आमच्या नेसरीत काय आणि गडहिंग्लजात काय, सगळीकडे हेच. पोरं रांगेत उभी करायची, शपथ द्यायची, हातात झाडू द्यायचा, फोटो काढायचा. फोटोत पुढे पुढारी, मागे पोरं. तासाभरात रस्ता चकाचक आणि दुसऱ्या दिवशी जैसे थे! मी आयुष्यभर शाळेतच होतो, म्हणून जरा तिखट लिहितोय. कुणाला राग आला तर येऊ दे.

मंडळी, कचरा उचलणं वेगळं आणि कचरा कमी करणं वेगळं. पहिलं काम आपण पोरांवर ढकललं. दुसरं कुणीच करत नाही.

२०००-०१ साली आर. आर. आबांनी संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. गावंच्या गावं झाडून निघाली. ते काम मोठंच होतं, त्याला नावं ठेवणार नाही. पण गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला फैलावर घ्यायचे. आपण त्यांचा खराटा तेवढा घेतला, कीर्तन सोडून दिलं! शिवाय बाबांच्या काळातला घरचा कचरा म्हणजे राख, शेण, खरकटं, पालापाचोळा. सगळं उकिरड्यात आणि तिथून शेतात. आज त्याच उकिरड्यात शांपूच्या पुड्या, चिप्सची पाकिटं, बाळांचे डायपर. ते खत शेतात पडलं की नांगराच्या फाळाला चिंध्या गुंडाळतात. आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

बरं, कायदे नाहीत असंही नाही. राज्यात गुटखा २०१२ पासून बंद, प्लास्टिकच्या पिशव्या २०१८ पासून बंद. दोन्ही कुठे मिळतात हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक आहे. वरचा कारभार तर आणखी गमतीचा. पुनर्वापर न होणारं, अनेक थरांचं प्लास्टिकचं वेष्टन दोन वर्षांत बंद करायचं असं केंद्राच्या २०१६ च्या नियमांत होतं. २०१८ साली त्यात ऊर्जा मिळण्याची आणि दुसऱ्या उपयोगाची पळवाट घातली. म्हणजे भट्टीत जळतं म्हटलं की सुटलं! चकचकीत पुड्यांच्या माळा दुकानात अजून लोंबताहेत.

शपथ मात्र पोरांनी घ्यायची.

तमिळनाडूत तुतुकुडीच्या एका मुलींच्या शाळेने २०१८ साली शपथ घेतली नाही. मुलींनी खाऊची रिकामी वेष्टनं जमवली. वीस हजारांवर भरली. कंपनीवार वेगळी केली, मोजली आणि तुमचा खाऊ आवडतो पण हे प्लास्टिक नको, अशी पत्रं कंपन्यांना लिहिली. याला मी पर्यावरणाचा अभ्यास म्हणतो. गणित आलं, भाषा आली, नागरिकशास्त्रही आलं.

आपल्या पोरांना हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. आठवडाभर प्रत्येकाने आपल्या घरातल्या पुड्या मोजाव्यात. कुठल्या मालाच्या, किती, बाबांच्या खिशातल्या किती (हा आकडा बघण्यासारखा असेल!). हिशेब वहीत मांडावा आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. सरपंचांनी, दुकानदारांनी आणि तुम्ही-आम्ही आईबापांनी, आजी-आजोबांनी समोर बसून ऐकावं आणि उत्तर द्यावं. त्या दिवशी झाडायला पंचायतीच्या सदस्यांना बोलवा. फोटो काढायला पोरं आहेतच.