घाटाखाली : खारं पाणी, गोडं पाणी

मागच्या लेखात हिडकलच्या काठावर गळ टाकण्याबद्दल लिहिलं होतं. ते वाचून आपल्या मंडळातल्या तीन-चार पोरांनी एकच प्रश्न विचारला, "काका, समुद्रावर न्यायचं असेल तर रीळ कोणतं घ्यायचं?" एकाने तर दुकानातला फोटो पाठवून लिहिलं, "यात बारा बेअरिंग आहेत, घेऊ की नको?"

नारळी पौर्णिमा तोंडावर आली आहे. पाऊस ओसरला, समुद्र निवळला, की बेळगावातून हिंडलगा, शिनोळी, आंबोली, सावंतवाडी करत गाड्या वेंगुर्ल्याकडे उतरायला लागतील. निपाणीकर संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा करून आंबोलीला येऊन मिळतील. ही वाट आपल्याला नवी नाही. रेल्वे मुरगावला जायच्या आधी बेळगावचा माल वेंगुर्ल्याच्याच बंदरात उतरायचा. तेव्हा हा प्रश्न वेळेवर आलाय. पण रीळ कोणतं घ्यावं हे सांगायच्या आधी माझी एक चूक सांगतो, कारण सगळं त्यातनंच शिकलोय.

माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. मामा आयुष्यभर किनाऱ्यावरून गरवत आले. आधी नुसता तंगूस हातात धरून, मग उतारवयात रीळ लावलेल्या काठीने. किनाऱ्यावरून परत आले की जेवायच्या आधी ते रीळ घेऊन विहिरीवर जायचे. हळूच पाणी सोडायचे, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायचे. मी हसायचो. तेव्हा म्हणायचे, "अरे, तू घराक जाऊन आंघोळ करतलस. मगे ह्याका कोण न्हाणयतलो?"

नजर कमी झाली तेव्हा मामांनी ते रीळ मला दिलं. मी उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारा माणूस. लोखंड गंजतं हे मला कुणी शिकवायला नको, असा माझा समज. एका डिसेंबरात शिरोड्याच्या किनाऱ्यावर दिवसभर बसलो, रात्री उशिरा घाट चढून घरी आलो. रीळ गाडीच्या डिकीत राहिलं. चार दिवसांनी काढलं, तेव्हा कोरडं दिसत होतं, म्हणून तसंच माळ्यावर ठेवलं. मध्ये अख्खा पावसाळा गेला. पुढच्या ऑक्टोबरात खाली काढलं तर हँडल फिरेना. जोर लावला, पकड लावली, आणि बेलची तार वाकवून बसलो. उघडून बघितलं तर आत चुन्यासारखी पांढरी भुकटी आणि बेअरिंग तपकिरी.

त्याच आठवड्यात मामांचा फोन आला. "रीळ बरा आसा मां?" मी म्हणालो, "बरं आहे मामा." पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. खरं काय ते मी त्यांना सांगितलं नाही, हे अजून टोचतं.

आता झालं काय होतं ते समजून घेऊ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळतं, क्षार राहतात. पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी कशी ओलसर होते? रिळाच्या आत राहिलेलं मीठही तसंच हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणजे समुद्र घाटाखाली राहिला, तरी आमच्या माळ्यावर त्या रिळात खारं पाणी परत परत तयार होत होतं. त्यात रिळाची बॉडी अॅल्युमिनियमची, दांडा पोलादाचा, गिअर पितळेचा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं, की छोटा सेल तयार होतो आणि दोघांतला जास्त क्रियाशील धातू झिजत जातो. माझ्या रिळातली पांढरी भुकटी म्हणजे झिजलेलं अॅल्युमिनियम. शिरोड्याला मिठागरं आहेत, १९३० साली तिथे मिठाचा सत्याग्रह झाला हे आपण शाळेत शिकलो. त्याच गावचं मीठ मी फुकट घरी आणलं आणि मामांच्या रिळात साठवलं.

आता रीळ कसं निवडायचं ते बघू.

किनाऱ्यावरून लांब फेकायला स्पिनिंग रीळ बरं. त्याचं तत्त्व आपल्या शहापूर-वडगावच्या विणकर घरातल्या पोरांना लगेच कळेल. बॉबिन न फिरता उभी राहते आणि सूत तिच्या टोकावरून सुटत जातं, तसंच. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यातल्या इलिंगवर्थ नावाच्या गृहस्थाने १९०५ साली अशा रिळाचं पेटंट घेतलं, आणि त्याला ही कल्पना गिरणीतल्या बॉबिनवरून सुचली असं सांगतात. फेकताना चकरी फिरतच नाही, त्यामुळे नवख्याच्या हातातही दोरीचा गुंता कमी होतो.

आकार बघताना रिळावरचा नंबर बघा. नदीवर २५०० चालतं. समुद्रावर दहा-बारा फुटी काठीला ५००० किंवा ६००० घ्या. कंपनीप्रमाणे नंबरांत थोडा फरक असतो, म्हणून दोरी किती मावते ते वाचा. २०० ते २५० मीटर मावली पाहिजे. लांब फेकण्यात पाऊणशे मीटर गेली आणि मोठा मासा लागला, तर त्याला पळायला दोरी शिल्लक हवी. तंगूस घेतला तर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर जाडीचा. विणलेली ब्रेड दोरी त्याच ताकदीला बारीक असते, म्हणून जास्त लांब जाते. पण ती गुळगुळीत चकरीवर घसरते, म्हणून खाली आधी तंगुसाचे थोडे वेढे द्या. चकरी काठोकाठ भरू नका. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा.

बारा बेअरिंगवाल्या मित्रासाठी सांगतो. बेअरिंग जास्त म्हणजे रीळ चांगलं असं नाही. खाऱ्या पाण्यात प्रत्येक हलकं बेअरिंग ही गंजायची एक जागा वाढवतं. चार-पाच असू देत, पण झाकलेली, स्टेनलेसची असू देत. त्याऐवजी तीन गोष्टी तपासा. पहिली, हँडल धरून हळूच हलवा, खुळखुळ नको. दुसरी, दोरी ज्या बारीक चाकावरून आत वळते तो लाइन रोलर बोटाने फिरवा, तो मोकळा फिरला पाहिजे. समुद्रावर सगळ्यात आधी मरतो तो हाच. तो अडकला की दोरी त्यावर घासते, रोलरला खाच पडते आणि खाच दोरी कापते. तिसरी, ड्रॅग. दुकानात दोरी हाताने ओढून बघा. झटके न देता सारखी सुटली पाहिजे. ड्रॅगच्या आकड्याचं फार कौतुक नको; पंधरा किलोचा ड्रॅग आपल्या दोरीला कधी लागणारच नाही.

ड्रॅग किती घट्ट ठेवायचा? दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. दोरी १२ किलोची असेल तर तीन ते चार किलो. बॅग तोलायचा हुकाचा काटा घरात असतोच. दोरीचं टोक त्याला बांधा, ओढा, आणि तीन-चार किलोवर चकरी सुटते का बघा. हे घरीच करायचं. रावस किंवा तांबोशी लागल्यावर हात कापतात, तेव्हा अंदाज येत नाही.

कंपनीचं नाव विचाराल तर शिमानो, दायवा, पेन ही जुनी नावं आहेत. शिमानो म्हणजे तुमच्या सायकलच्या गिअरवर लिहिलेलं असतं तेच. जपानमध्ये १९२१ साली सायकलच्या फ्रीव्हीलपासून त्यांनी सुरुवात केली. पण मी नावापेक्षा एकच विचारतो, याचे सुटे भाग मिळतात का? मिळत नसतील तर स्वस्त रीळही महाग पडतं.

आणि एक, जे आईवडिलांनीही वाचावं. लांब फेकणारं रीळ घ्यायचं ते पाण्यात कमी जावं लागावं म्हणून. चार पावलं पुढे गेलो तर अजून लांब पडेल, ही ओढ वाईट. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या महाविद्यालयातले आठ जण बुडाले, ते आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. आपण घाटावरची माणसं. नदीत पोहता येतं म्हणून समुद्र कळतो असं नाही. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, ओल्या खडकावर उभं राहायचं नाही, एकट्याने जायचं नाही, आणि गावातला माणूस "आज नको" म्हणाला की काठी गाडीत ठेवायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर जास्तच जपायचं.

आता निगा. फार काही नाही, पण त्याच दिवशी करायची.

किनाऱ्यावर रीळ वाळूत ठेवायचं नाही. प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचा तीन फुटांचा तुकडा घ्या, एक टोक तिरकं कापा, वाळूत रोवा, काठी त्यात उभी करा. रीळ वाळूत पडलंच तर हँडल फिरवू नका. आधी गोड्या पाण्याने वाळू धुऊन काढा. त्यासाठी पाण्याची एक बाटली वेगळी ठेवा.

घरी आल्यावर आधी ड्रॅग घट्ट करा, म्हणजे आतल्या चकत्यांत पाणी जाणार नाही. मग नळाची बारीक धार रिळावर सोडा. पाइपने जोरात फवारा मारू नका, त्याने मीठ धुतलं न जाता आत ढकललं जातं. बादलीत बुडवून तर अजिबात ठेवू नका. लाइन रोलर, हँडलची मूठ, बेलचे सांधे आणि चकरीची कड इथे नीट पाणी जाऊ दे. झटका, सुती फडक्याने पुसा, आणि आता ड्रॅग पूर्ण ढिला करा. घट्ट ठेवला तर चकत्या दबून चपट्या होतात. रात्रभर सावलीत वाळू दे.

सकाळी लाइन रोलर, मूठ आणि बेलचे सांधे यांना तेलाचा एकेक थेंब. रिळाचं तेल मिळत नसेल तर शिलाई मशीनचं चालेल. खोबरेल नको. बेळगावच्या थंडीत बाटलीतलं खोबरेल कसं गोठतं ते आपण बघतोच, रिळातही तेच होणार. गंज सोडवायचा फवाराही तेल म्हणून वापरू नका. तो आतलं ग्रीस विरघळवून टाकतो आणि स्वतः उडून जातो.

वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यात, रीळ उघडा. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा. स्क्रू आणि चकत्या काढल्या त्या क्रमाने इडलीपात्राच्या वाट्यांत ठेवा. आईची परवानगी घेऊन, आणि नंतर पात्र घासून देऊन. जुनं ग्रीस पुसा, गिअरच्या दातांना नवं पातळ थरात लावा. हँडल उलट फिरू न देणारा जो रोलर क्लच असतो, त्याला मात्र ग्रीस लावायचं नाही. लावलं की तो घसरतो आणि नेमका मासा लागल्यावर हँडल उलटं फिरतं.

मामांच्या रिळाचे भाग कुठे मिळाले नाहीत. मी दोन रविवार बसून पितळेचा बुश लेथवर कातला, बेलची तार सरळ केली, बेअरिंग बदललं. ते फिरतं, पण पूर्वीसारखं नाही. फिरवताना किंचित खरखर लागते. ती मी तशीच राहू दिली आहे.

गेल्या फेब्रुवारीत माझी मुलगी सुट्टीला बंगळुरूहून आली आणि म्हणाली, "बाबा, या वेळी मामा-आजोबांचं रीळ मी वापरते की." सागरेश्वरला गेलो. दिवसभरात तिला दोन शिंगाळे लागले, तेही सोडून दिले. घाट चढून घरी पोचायला रात्रीचे अकरा वाजले. ती दमली होती. मी काही बोललो नाही, बॅगा आत घेत होतो. तेवढ्यात न्हाणीघरातून नळाच्या बारीक धारेचा आवाज आला आणि तिने आतून विचारलं, "बाबा, ड्रॅग आधी घट्ट करायचा ना?"

हो, आधी घट्ट, मग धुवायचं, मग ढिला.

पौर्णिमेला नारळ वाढवाल तेव्हा माळ्यावरचं रीळही खाली काढा. अडकलं असेल तर जोर लावू नका, फोटो पाठवा, मिळून बघू. आणि ज्यांनी ते दिलं असेल त्यांना लगेच फोन करून खरं काय ते सांगा.